फ्रिजचं चुंबक आणि भोकाचा पैसा

"आजोबा, त्रेचाळीसचा आहे आणि लाल आहे!" शनिवारी सकाळी नातू ओरडतच जिना उतरला.

अमेरिकेत एडिसनला लेकीकडे आलो की आम्हा दोघांचा हाच उद्योग. गराज सेलमधून बरणीभर सेंटची जुनी नाणी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर सालवार रांगा लावत बसायचं. एकतीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली, बोटांची खोड जात नाही.

नाणं हातात घेतलं. लिंकन, १९४३, रंग तांब्याचा. खोटं कशाला बोलू, छातीत धडधडलं. पण आधी फ्रिजवरचं चुंबक आणलं. टच्‌कन चिकटलं! जावयाच्या कॉफीच्या काट्यावर वजन भरलं २.७ ग्रॅम. म्हणजे आत पोलाद, वर कुणीतरी चढवलेला तांब्याचा मुलामा. नातवाचं तोंड एवढंसं झालं.

झालं असं होतं की युद्धासाठी तांबं हवं म्हणून अमेरिकेने १९४३ साली सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. पण आदल्या वर्षीच्या काही ब्राँझच्या कोऱ्या चकत्या टाकसाळीच्या पेट्यांमध्ये अडकून राहिल्या असाव्यात, आणि त्याही छाप्याखाली गेल्या. चुकून पडलेला अस्सल ब्राँझचा सेंट तो. वजन ३.१ ग्रॅम, चुंबकाला दाद देत नाही. फार थोडे सापडलेत, डेन्व्हर टाकसाळीचा तर एकच. भामटे १९४८ मधला ८ तासून ३ करतात, पण १९४३ च्या ३ चं शेपूट लांब खाली उतरलेलं असतं. ते तासून कुठून आणणार?

मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या डॉन ल्यूट्सला असा एक सेंट १९४७ मध्ये शाळेच्या कँटीनच्या सुट्ट्या पैशांत मिळाला. पोरगा सोळा वर्षांचा. सरकारी खात्याला विचारलं तर उत्तर आलं, त्रेचाळीसचे सगळे सेंट पोलादाचेच. त्याने मुकाट्याने तो जन्मभर जपला. २०१८ मध्ये तो गेला आणि २०१९ च्या जानेवारीत लिलावात त्या नाण्याला २ लाख ४ हजार डॉलर आले. नाण्याची झीज पाहून तज्ज्ञ देतात ती ग्रेड होती एयू ५३, म्हणजे जेमतेम वापरलेलं.

नातवाने विचारलं, ५३ म्हणजे नापास का? १ ते ७० ची पट्टी असते, म्हटलं. ६० पासून पुढे ते नाणं, जे बाजारात फिरलंच नाही. डॉनचं नाणं त्याला गवसेपर्यंत चार वर्षं लोकांच्या खिशांत घासलं गेलं, म्हणून लिंकनच्या गालाचा आणि जबड्याचा उंचवटा किंचित झिजला. त्याने उचललं तिथे झीज थांबली. ५३ हा आकडा मला त्या थांबण्याची नोंद वाटतो. डेन्व्हरचा एकुलता एक मात्र एमएस ६४, म्हणजे बाजार न बघितलेला. २०१० मध्ये १७ लाख डॉलरला गेला आणि २०२१ मध्ये ८ लाख ४० हजारांना. नाणं तेच, ग्रेड तीच. बँकेत असतो तर घेणाऱ्याला मुदत ठेवच सुचवली असती.

"आणि घासून चकाचक केलं तर?" हा प्रश्न येणारच होता. मग आकडाच मिळत नाही. धुतलेल्या नाण्यावर नुसता 'डिटेल्स' असा शेरा मारतात.

पाकिटातून माझा १९४३ चा काढून दाखवला. आपल्याकडचा भोकाचा पैसा. त्याच युद्धात, तेच तांबं वाचवायला, इंग्रज सरकारने त्याच साली पैशाला मधोमध भोक पाडलं. हा वडिलांकडचा. नऊ वर्षांचा असताना दिवाळीच्या तांब्याभांड्यांबरोबर मी त्यालाही चिंचेने घासला. अर्ध्या तासात गुलाबी, मी खूश. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पैसा परत त्याच्या खाकी लिफाफ्यात गेलेला दिसला.

तो लिफाफाही मी जपलाय. नातवाला देवनागरी अजून जोडून जोडून वाचावी लागते. टेबलावर कोपर टेकून त्याने एकेक अक्षर लावलं: "भो-का-चा पै-सा. सन १९४३. चिं-चे-ने धु-त-ला." खाली माझं नाव आणि तारीख.

"आजोबा, हे तर ग्रेडिंगच झालं," तो म्हणाला.