दोन सिगारेटींच्या मधली कळ

"आधी सिगारेट सोडा, मग या," असं सांगून एका डॉक्टरांनी माझ्या एका पेशंटना परत पाठवलं होतं. कंबरदुखीने वर्षानुवर्षं बेजार झालेल्या माणसाला असं दारातून परत पाठवणं मला क्रूरपणाच वाटतो. आमच्या वेदना केंद्रात ते आले तेच भांडायच्या तयारीने. "फुप्फुसांची चित्रं दाखवू नका," म्हणाले, "रात्री कळ येते तेव्हा तुम्ही नसता. सिगारेट असते."

त्यांचं काही खोटं नव्हतं. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि दुखणं थोडा वेळ खरंच बोथट करतं. हे आपण नाकारलं की पेशंट तिथेच हातचा गेला. म्हणून सोडण्याचा विषयही न काढता एक वही दिली. सिगारेट किती वाजता ओढली आणि त्या वेळी दुखणं शून्य ते दहात किती होतं, एवढंच त्यात लिहायचं.

पुढच्या भेटीत वही समोर ठेवून बसलो. सकाळी उठल्याउठल्या आकडा चढलेला. लांबलेल्या बैठकीनंतर, प्रवासानंतर, जिथे ओढता येत नाही तिथून सुटल्यावरही चढलेला. निकोटीन रक्तात साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग तलफ लागते, अंग आखडतं आणि तेच दुखणं जास्त बोचतं. सिगारेट शमवत होती त्यातली काही कळ तिनेच आणलेली होती. ते बराच वेळ पानं उलटत राहिले, मग म्हणाले, "सुरू करा काय ते."

तलफ आवरायला निकोटीनची त्वचेवर चिकटवायची पट्टी आणि गम सुरू केलं. गम कसं खायचं हे कोणी धड शिकवत नाही, याचा मला राग येतो. चारदोनदा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचं. कॉफी पिऊन लगेच घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. साध्या च्युइंगमसारखं चघळलं की उचक्या लागतात, पोटात जळजळतं आणि लोक ते फेकून देतात.

सोडल्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. चक्कर, गुंगी, उभं राहवत नाही. "सोडल्यामुळेच झालंय, एक ओढतो." त्यांना तसेच बोलावून घेतलं. बीपी खाली गेलेलं. सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या, तेव्हा आमच्या यादीत नसलेली टिझानिडीन निघाली. स्नायू सैल करणारी ही गोळी दुसरीकडून चालू होती. सिगारेटच्या धुरामुळे यकृत ती लवकर फोडतं. धूर थांबला की तोच डोस अंगावर जड पडतो. हे काम निकोटीनचं नव्हे, धुराचं, त्यामुळे पट्टी लावूनही टळत नाही. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याने "सिगारेट ओढता का" एवढं विचारून नोंदवलं असतं तर सोडताना डोस वेळेवर कमी झाला असता. त्या दिवशी त्यांनी ती एक ओढली असती तर "मला सोडणं सोसत नाही" हे त्यांच्या मनात कायमचं बसलं असतं. तेच अजून डोक्यातून जात नाही.

डोस कमी केल्यावर गुंगी गेली. सिगारेट अजून बंद आहे. वहीतले सकाळचे आकडे उतरलेत. जास्त वेळ उभं राहिल्यावरचे मात्र हललेले नाहीत. त्यासाठी आता व्यायाम नव्याने बसवतो आहोत.