न्यूपोर्टच्या खडकाळ तळावर: जिगला रबरी मासा लावताना

पोर्टलंडच्या पश्चिमेकडील उपनगरांत नोकरीनिमित्त आलेली मराठी घरे आता पुष्कळ आहेत. तिथून ओरेगॉनच्या किनाऱ्यावरील न्यूपोर्ट हे गाव मोटारीने सुमारे अडीच तासांवर आहे. बहुतेक मंडळी तिथे मत्स्यालय, १८७३ सालचे यकिना हेडचे दीपगृह आणि धक्क्यावर लोळणारे सी लायन पाहायला जातात. आम्ही मात्र गरवायला गेलो. देवगडकडचे आमचे काका त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले होते, आणि ज्यांनी आयुष्यभर खाडीत आणि खडपांवर गळ टाकला त्यांना पॅसिफिकच्या तळाचा मासा एकदा तरी हाताला लागावा अशी माझी मनापासून इच्छा होती.

लिंकन सिटीला समुद्र दिसला आणि तिथून १०१ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला वळून, डेपो बेच्या चिमुकल्या बंदराला ओलांडून, आम्ही संध्याकाळपर्यंत यकिना खाडीच्या पुलावर पोहोचलो. खाडीच्या दक्षिण तीरावर एका भाड्याच्या खोलीत उतरलो. बोट पहाटे सुटणार होती, म्हणून जेवण लवकर आटोपून मी सगळे सामान टेबलावर मांडले. पुढचे दोन-तीन तास आम्ही जे केले, ते मला या प्रवासातले सर्वांत मोलाचे काम वाटते. बोटीवर गेल्यावर दोरी गळाला बांधून देणारे कुणीतरी असते, पण आपला जिग आपण जुळवला की तो पाण्यात काय करतो आहे हे हाताला कळते.

जिग म्हणजे गळाच्या दांड्याच्या वरच्या भागावर ओतून बसवलेला शिशाचा गोळा. त्याचा दांडा नेढ्याजवळ काटकोनात किंवा साठ अंशांत वळवलेला असतो, त्यामुळे नेढे गोळ्याच्या माथ्यावर येते. दोरी माथ्याला आणि वजन दांड्याच्या खालच्या अंगाला असल्यामुळे पाण्यात गळाचे टोक आपोआप वरच्या बाजूला राहते. तळाला आधी शिसे टेकते आणि टोक खडकापासून थोडे दूर राहते. एरवी जिथे पहिल्याच फेकीत गळ अडकेल अशा तळावर जिग चालतो, तो या रचनेमुळे. अडकतो तोही, परंतु कमी. मी चार आणि सहा औंसांचे, म्हणजे साधारण ११३ आणि १७० ग्रॅमचे गोळे घेतले होते. प्रवाह आणि वारा मंद असेल तर हलका गोळा चांगला, कारण तो सावकाश उतरतो आणि गळावर चढवलेले प्लास्टिकचे आमिष अधिक वेळ हालते. बोट वाऱ्याने पळू लागली की हलका गोळा तळापर्यंत पोहोचतच नाही, मग जड गोळ्याला पर्याय उरत नाही.

काकांनी पुडीतला एक पाच इंची, वळलेल्या शेपटीचा पांढरा ग्रब, म्हणजे अळीसारखे मऊ प्लास्टिकचे आमिष, उचलून नाकाशी नेला आणि ते म्हणाले, “ह्येका वास नाय, चव नाय. मासो खातलो कित्याक?”

“काका, हो मासो वास घेत बसणा नाय. समोर हलताना दिसला की झडप घालता,” मी म्हणालो.

त्यांची शंका रास्त होती, कारण कोकणात तळाच्या माशासाठी कोळंबी, तिसरी किंवा बांगड्याचा तुकडा लावतात आणि त्या आमिषाचे सारे बळ वासात असते. ओरेगॉनच्या खडकांवरचा लिंगकॉड मात्र कपारीत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या माशावर एकदम तुटून पडतो. त्याला आमिषाची हालचाल डोळ्यांनी दिसते आणि पाण्यातली थरथर अंगावरच्या पार्श्वरेषेने कळते. सॉफ्ट प्लास्टिकमध्ये नेमकी हीच हालचाल साधलेली असते. बोलताना आपण त्याला रबर म्हणतो, पण बहुतेक ग्रब पीव्हीसीमध्ये मृदू करणारे द्रव्य मिसळून, ते मिश्रण तापवून, साच्यात ओतून केलेले असतात. म्हणूनच त्यांची शेपटी इतकी पातळ आणि लवचीक होते की नुसते खाली पडतानासुद्धा ती सळसळत राहते.

ही सळसळ टिकते की मरते, हे प्लास्टिक गळावर कसे चढवले आहे यावर अवलंबून असते. आधी जिग आणि ग्रब शेजारी शेजारी धरायचे, शिशाची मागची कड ग्रबच्या नाकाशी जुळवायची आणि गळाचा वाक जिथे येईल तिथे पाठीवर नखाने खूण करायची. मग गळाचे टोक नाकाच्या बरोबर मध्यात खुपसून ते अंगाच्या मधोमध सरळ न्यायचे, आणि गळ पुढे ढकलण्याऐवजी प्लास्टिकच थोडे थोडे त्याच्यावर सरकवत, वाकाबरोबर फिरवत, टोक खुणेशी बाहेर काढायचे. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची बारीक शिवण अनेक ग्रबांच्या पाठीवर दिसते, तिच्यावरच टोक निघाले म्हणजे मध्य साधला. खुणेच्या आधीच टोक बाहेर आले तर नाक शिशाला भिडत नाही आणि मध्ये फट राहते, तर खुणेच्या पुढे आले तर अंग गोळा होऊन पाठीला कुबड येते. दोन्ही बाबतींत ग्रब काढून पुन्हा चढवावा. वाकडा बसलेला ग्रब पाण्यात पोहत नाही, गोल फिरतो. तो फिरला की दोरीला पीळ बसतो, आणि मासा त्या फिरणाऱ्या वस्तूकडे ढुंकून पाहत नाही.

काकांनी पहिलाच ग्रब असा सरळ चढवला की मी तो दिव्याखाली धरून सगळीकडून निरखला. जिवंत कोळंबीच्या डोक्यातला काळा ठिपका चुकवून गळ घालणारे ते हात होते, त्यांना मध्य शोधायला शिकवावे लागले नाही.

बारकावे आणखी आहेत. शिशाच्या मागे दांड्यावर एक छोटा काटा किंवा कंगोरा असतो, त्यावर नाक घट्ट दाबून बसवायचे म्हणजे माशाने शेपटी ओढली तरी प्लास्टिक खाली घसरत नाही. मी तिथे सुपर ग्लूचा एक थेंब लावतो. प्लास्टिक फार जाड असेल तर गळाचे टोक आणि दांडा यांतली मोकळी जागा भरून जाते आणि मासा चावूनही टोक त्याच्या जबड्यात रुतत नाही, म्हणून जाड ग्रबला मोठ्या वाकाचा गळच हवा. वळलेली शेपटी वर ठेवावी की खाली, यावर गरवणाऱ्यांत मतभेद आहेत. माझे मत वर ठेवावी असे आहे, कारण त्यामुळे ती खडकावर कमी घासते. वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचे, माशाच्या आकाराचे स्विमबेट मात्र शेपटी अगदी उभी राहील असेच लावले पाहिजेत. आणखी एक सूचना महत्त्वाची: काही आमिषे टीपीई नावाच्या वेगळ्या, फार ताणल्या जाणाऱ्या पदार्थाची असतात. ती पीव्हीसीच्या ग्रबांबरोबर एका डबीत ठेवली तर दोन्ही विरघळून त्यांचा चिकट लगदा होतो. प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पुडीतच ठेवावा.

रंगांवर मी फार वेळ घालवला नाही. खोल पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि उन्हाळ्यात इथे तळाचे थंड, पोषक पाणी वर येऊन समुद्र प्लवकांनी हिरवट गढूळ झालेला असतो. अशा अंधुक पाण्यात पांढरा, अंधारात चमकणारा, आणि ठळक सावली देणारा गडद जांभळा, एवढे पुरे. दोरी मात्र विचारपूर्वक निवडली. मुख्य दोरी पन्नास पौंडांचा ताण सोसणारी, विणलेली, कारण ती बारीक असूनही मजबूत असते आणि पाण्याचा ओढ तिच्यावर कमी बसतो. तिच्या टोकाला चाळीस पौंडांचा जाड, एकसंध लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि जिग यांच्यामधला दोरीचा तुकडा, जो खडकाला घासून टिकतो, आणि जिग कायमचा अडकलाच तर आधी तुटतो. त्यामुळे समुद्रात शेकडो फूट दोरी मागे राहत नाही. लीडर जिगच्या नेढ्याला सैल फासाच्या गाठीने बांधला, म्हणजे गोळा मोकळेपणाने डुलतो. शेवटी आम्ही दोघांनी साबणाने हात स्वच्छ धुतले. शिसे विषारी आहे, आणि ते हाताळल्यावर न धुतलेल्या हाताने काही खाऊ नये.

पहाटे धुके होते. उन्हाळ्यात इथे दुपारी उत्तरेचा वारा जोर धरतो, म्हणून बोटी सकाळीच निघतात. दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमधून बाहेर पडताना लाटांनी बोट चांगलीच उचलली. काका कठड्याला धरून शांतपणे उभे होते आणि “तांडेल जाणतो आसा” एवढेच म्हणाले. कप्तानाने बोट उत्तरेला, यकिना हेडच्या बाजूच्या खडकाळ तळाकडे नेली. त्याच्याही पुढे ऑटर रॉकचे राखीव सागरी क्षेत्र आहे, तिथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे.

बोटीवरच्या खलाशी मुलीने प्रत्येकाचा जिग बोटीच्या कडेने पाण्यात ओढून पाहिला. शेजारच्या एका गृहस्थांचा ग्रब गरगर फिरत होता, तो तिने उतरवून दोन बोटांत सरळ केला आणि पुन्हा चढवला. आमचे जिग तिने तसेच परत दिले. गोंदाविषयी तिचे मत माझ्याहून वेगळे निघाले. लिंगकॉडचे दात दिवसभरात प्लास्टिकचे इतके तुकडे करतात की चिकटवलेले नाक गळावरून खरवडून काढण्यातच वेळ जातो, असे तिचे म्हणणे होते. दुपारपर्यंत तिचे म्हणणे मला पटले, निदान लिंगकॉडपुरते.

“किती वाव?” काकांनी विचारले. बोटीवरच्या खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर नव्वद फूट दिसत होते, म्हणजे पंधरा वाव. रिळाच्या चाकावर अंगठा ठेवून जिग सोडला की दोरी सरसर धावते आणि तळ लागताच एकदम सैल पडते. त्याच क्षणी रीळ बंद करून दोन वेढे गुंडाळायचे, नाहीतर बोट पुढे सरकते आणि जिग कपारीत शिरतो. मग काठी सावकाश वर न्यायची आणि जिगच्या मागोमाग खाली आणायची. खाली आणताना दोरी पूर्ण ढिली सोडायची नाही, कारण बहुतेक वेळा मासा आमिष पडत असतानाच घेतो, आणि ढिल्या दोरीतून तो टिचका हातापर्यंत पोहोचत नाही. हातदोरीने गरवण्यात वाढलेल्या काकांना तळ, खडक आणि मासा यांच्या टिचक्यांतला फरक लगेच उमगला. जिग अडकला तरी ते हिसका देत नव्हते. दोरी सोडून, बोट पलीकडे जाऊ देऊन, उलट्या दिशेने अलगद ओढत होते, आणि बहुतेक वेळा जिग सुटून येत होता.

सुरुवातीला काळे रॉकफिश आले. ते तळापासून थोडे वर थव्याने असतात. असाच एक मासा काका वर आणत असताना काठी अचानक वाकली आणि जागच्या जागी थांबली. खलाशी मुलीने ओरडून सांगितले, हळू गुंडाळा, माशाचे डोके पाण्याबाहेर काढू नका. पाण्यात पाहिले तर एका मोठ्या लिंगकॉडने काकांचा रॉकफिश आडवा धरला होता. त्याला गळ लागलेलाच नव्हता, केवळ भक्ष्य सोडायचे नाही म्हणून तो पंधरा वाव वर आला होता. तिने जाळी त्याच्या खालून घातली. ओरेगॉनमध्ये लिंगकॉड किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर भरावा लागतो. हा मापात सहज बसला. पुढच्या खेपांत त्याच जातीचे मासे जिगवरही मिळाले, आणि गळ जवळजवळ प्रत्येकाच्या जबड्याच्या कोपऱ्यात लागलेला होता.

जिगच्या एकेरी गळाचे महत्त्व मला अधिक खोल पाण्यात गेल्यावर पटले. तिथे एका पाहुण्याच्या जिगला लहान यलोआय रॉकफिश लागला. तांबडा, अंगावर पांढऱ्या पट्ट्यांचा हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो, सावकाश वयात येतो, आणि त्याला ठेवून घेण्यास मनाई आहे. रॉकफिशच्या पोटातली हवेची पिशवी बंद असल्याने खोलातून वर येताना ती फुगते, डोळे बाहेर येतात, आणि नुसता पाण्यात टाकलेला मासा तरंगत राहून मरतो. खलाशी मुलीने पक्कडीने गळ क्षणात काढला आणि वजन बांधलेल्या चिमट्याने मासा पुन्हा तळाकडे सोडला, जिथे दाबामुळे पिशवी पूर्ववत होते. असे साधन बोटीवर ठेवणे ओरेगॉनमध्ये २०१७ पासून सक्तीचे आहे. तीन टोकांचा गळ असता तर तो सोडवण्यातच माशाचे कल्ले फाटले असते. लिंगकॉडला अशी पिशवीच नसते, त्यामुळे मापात न बसणारा लिंगकॉड नुसता सोडला तरी जोमाने खाली जातो.

धक्क्यावर मासे कापताना एका लिंगकॉडचे मांस निळसर हिरवे निघाले. ते निरोगी असते आणि शिजवल्यावर पांढरे होते, हे समजल्यावर काकांनी तोच तुकडा रात्रीच्या कालवणासाठी बाजूला ठेवला.

परतताना त्यांनी दुकानातून ग्रबांच्या काही पुड्या आणि हलके जिगहेड घेतले. देवगडच्या खडपांवरून गोबरा आणि तांबोशी यांच्यासाठी अर्धा ते एक औंसाचा गोळा आणि तीन-चार इंची प्लास्टिक वापरून पाहावे, असे आमचे ठरले. पाणी उथळ असल्याने तिथे जास्त वजनाची गरज नाही, आणि गोळा जितका हलका तितका तो दगडांत कमी रुततो. तांबोशी गळ लागताच खडकाच्या बिळाकडे धावते, म्हणून लीडर जाडच ठेवायचा. कोकणातल्या उन्हात पुड्या गाडीत ठेवायच्या नाहीत, कारण उष्णतेने ग्रब मऊ होऊन वाकडे होतात आणि तसेच राहतात. एकदा शेपटी दुमडली की तो ग्रब कितीही सरळ चढवला तरी नीट पोहत नाही.