ग्रातायोप्सच्या काळ्या उतारांवर

२१ सप्टेंबर

ग्रातायोप्स टेकडीच्या माथ्यावर वसलेले आहे आणि त्याची वस्ती दोन-अडीचशेच्या घरात आहे. तरीही स्पेनच्या कातालोनियातल्या प्रिओरात भागातील वाइनचा विषय निघाला, की या गावाचे नाव घेतल्यावाचून कोणाचे भागत नाही. आज दुपारी गावाबाहेरच्या कोन्सोलासिओच्या चॅपलकडे चालत गेलो. चॅपलच्या उतारावरचा गार्नाचा या द्राक्षवाणाचा मळा प्रसिद्ध आहे. तिथल्या वाइनची एक बाटली हजार युरोंच्या वर जाते. मळ्यात पाऊल टाकले, की जमीन खडखडते, कारण तिथे माती अशी फारशी नाहीच. एक काळा तुकडा उचलून बोटांनी दाबला, तर शाळेतल्या पाटीच्या दगडासारखे त्याचे पापुद्रे सुटले आणि अभ्रकाची चमकी बोटांना चिकटून राहिली. इथले लोक या दगडाला यिकोरेया म्हणतात. त्याच्या भेगांतून पाणी शोधत वेलीची मुळे खोलवर उतरतात.

मी नाशिककडचा, त्यामुळे मांडवाशिवायची द्राक्षबाग डोळ्यांना खटकते. इथल्या जुन्या मळ्यांत ना अँगल, ना तार. गुडघ्याएवढे पिळदार खोड आणि त्यावर झुडपासारखा फुटवा. उतार इतका तीव्र, की काही ठिकाणी अजून खेचराने नांगरट होते आणि तोडणी सगळी हातानेच. अशा म्हाताऱ्या वेलीवर बहुधा किलोभरही माल भरत नाही. आमच्याकडे असा वेल कोणी पुढच्या छाटणीपर्यंतही ठेवला नसता.

तो इथे राहिला याचे कारण मात्र कौतुकाचे नाही. बाराव्या शतकात कार्थुसियन साधूंनी जवळच एस्कालादेईचा मठ उभारला आणि द्राक्षशेती वाढवली. त्या मठाच्या प्रायरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, अमलाखालचा मुलूख म्हणूनच या भागाला प्रिओरात म्हणतात. १८३५ मध्ये मठ बंद पडला, जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या आणि शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या किडीने मुळे खाऊन मळेच्या मळे संपवले. अमेरिकन खुंटावर कलमे बांधून लागवड पुन्हा झाली (आमच्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच, फक्त तो आम्ही खारवट जमीन आणि पाणीटंचाई यांसाठी लावला), पण पूर्वीएवढी नव्हे. बरेच उतार ओस पडले आणि लोक रेउस, बार्सिलोना ही शहरे गाठत राहिले. जे मागे राहिले, त्यांनी जास्त पिकते म्हणून कारिन्येना हे वाण लावले आणि द्राक्षे वाइन बनवणाऱ्या सहकारी तळघरात नेऊन घातली. मळे उपटून नवी लागवड करण्याएवढा पैसा असता, तर आज मिरवले जाणारे हे जुने वेल उरलेच नसते.

पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस, कार्लेस पास्त्राना, होसे लुईस पेरेस आणि दाफ्ने ग्लोरियां या पाच वाइन-उत्पादकांनी १९८९ च्या हंगामाची वाइन एकत्र केली आणि पाच वेगवेगळ्या नावांनी विकली. काही वर्षांतच जगाचे लक्ष इकडे वळले. पुढे वाइन-प्रदेशांना दिला जाणारा सर्वोच्च दर्जाही मिळाला, जो स्पेनमध्ये या भागाशिवाय फक्त रिओहाला आहे. या पाचांचे धाडस मी नाकारत नाही, मात्र प्रत्येक वर्णनात गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते, हे मला पटत नाही. भाव नसतानाही त्या उतारांवर छाटणी करत राहिलेल्या माणसांची नावे कोणत्याही लेबलवर नाहीत.

प्रसिद्धी आली, तरी वस्ती परतली नाही. हा सबंध जिल्हा मिळून आज दहा हजार लोकही नाहीत आणि तोडणीला हात बाहेरून आणावे लागतात. त्यात पाण्याचा जुना तंटा आहे: सिउराना नदीचे पाणी वळवून रिउदेकान्येसच्या धरणात सोडले जाते आणि तिथून किनाऱ्याकडच्या रेउसला पोहोचते. अलीकडच्या दुष्काळात नदीचे पात्र कोरडे पडल्यावर इथले लोक याविरुद्ध रस्त्यावर उतरले. दर्जा, किंमत, वाइन-समीक्षकांनी दिलेले गुण या सगळ्यांपेक्षा पुढच्या वीस वर्षांत याच प्रश्नावर ग्रातायोप्सचे काय ते ठरेल, असे मला वाटते.