आजींच्या सिंकमधली मोहरी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोथरूडमधल्या एका सोसायटीतून फोन आला. तळमजल्यावर आजी एकट्याच राहतात. म्हणाल्या, "दादा, लवकर ये. माझ्या सिंकमध्ये खालून पाणी वर येतंय."

गेलो तर सिंक काठोकाठ भरलेलं. खरकटं पाणी ओट्यावरून फरशीवर आलेलं, आजींनी जुनी लुगडी टाकून ते अडवलेलं. पाण्यावर मोहरी तरंगत होती. "तीन दिवस मी नुसती पेज खातेय रे. फोडणीच केली नाही. मग ही मोहरी कुणाची?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला पाइपातच शोधायचं होतं. चार मजल्यांच्या स्वयंपाकघरांची एकच उभी लाइन. तळाशी तुंबलं की वरच्यांना पत्ता लागत नाही. त्यांचं पाणी खाली जातच राहतं आणि पहिल्या मोकळ्या तोंडातून, म्हणजे आजींच्या सिंकमधून, बाहेर येतं. वरच्या तिन्ही मजल्यांवर जाऊन नळ बंद करायला सांगितले, मग डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद बोळात, शिरलो. डोअर टीचं, म्हणजे पाइपाच्या उघडता येणाऱ्या जोडाचं, झाकण सैल करताच काळं पाणी अंगावर आलं. तुंबलेलं काढायची लांब तारेची स्प्रिंग मारली, ती तळाच्या बेंडशी, म्हणजे पाइपाच्या वळणाशी, जाऊन अडकली. शेवटी बेंड कापूनच काढावा लागला.

तो कापलेला तुकडा मी अजून वर्कशॉपमध्ये ठेवलाय. चार इंची पाइप, आणि मधे जेमतेम दोन बोटं जातील एवढं भोक. बाकी सगळा पांढरट, साबणासारखा घट्ट थर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर आत अख्खी शितं, चहाचा चोथा, कोथिंबिरीची देठं, कणकेचे गोळे. तूप-तेल गरम पाण्याबरोबर वरून पातळ होऊन निघतं, खाली येईतो गार होऊन पाइपाला धरतं. भाताची पेज त्याला चिकटते आणि चोथा त्यात रुतून बसतो. दिवाळीत कढया घासल्या गेल्या, त्याने फक्त शेवटची फट बुजली. एका घराने 'पाइप साफ करायची पावडर' ओतली होती. अशी पावडर ओतली असेल तर प्लंबरला आधी सांगा, ती आमच्या डोळ्यांत उडते.

दुपारी तो तुकडा मी पार्किंगमध्ये सगळ्यांना दाखवला. ओला कचरा वेगळा ठेवायचा हे घनकचऱ्याच्या 2016च्या नियमांपासून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि इथेही साली-देठं बादलीत पडतच होती. पण ताटातलं खरकटं, गाळणीतला चोथा, परातीला लागलेली कणीक यांना कुणी कचरा धरतच नव्हतं. ते सरळ नळाखाली.

माझ्या घरी खताचा ड्रम आहे, तोच प्रकार त्यांना समजावला. खाली-बाजूला भोकं पाडलेला ड्रम, ओल्याच्या दुप्पट सुका पाला, वरून थोडं आंबट ताक, दोन दिवसांनी एकदा हलवायचं. मूठ दाबली तर ओलसर लागावं, पाणी गळू नये. गळलं तर आणखी पाला. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येतो. शिळा भात थोडाच, आणि पाल्यात मिसळूनच. तेल मात्र खतातही नको, उंदीर येतात. कढई आधी वर्तमानपत्राने पुसायची, मग घासायची. सिंकच्या भोकावर बारीक जाळी. दोन ड्रम त्याच आठवड्यात आले. सोसायटीचा पाला आतापर्यंत जाळला जायचा, तो जाळणं थांबलं याचं मला जास्त बरं वाटलं.

होळीनंतर आजींनी पुन्हा बोलावलं, तुंबलं नव्हतं, नुसतं बघून जा म्हणाल्या. डोअर टी उघडली. पाइप आतून काळा, ओला, पण मोकळा. हात पूर्ण आत गेला. बोटांना थोडा चहाचा चोथा लागला. वरच्या मजल्यांच्या टी एकेक करून उघडत गेलो. तिसऱ्या मजल्यावर तो ताजा होता. झाकण बसवलं, हात धुतले आणि त्या घराची बेल वाजवली.