जमाखर्चाच्या वहीतून आलेला हुकूमशहा

मी राहते लिस्बनच्या पश्चिमेला, पासू द आर्कुश नावाच्या गावात. रोज सकाळी काश्काइशहून येणारी लोकल पकडून शहरात कामाला जाते. गाडी सुटली की पहिलंच स्टेशन काशियश. उजवीकडे तेजू नदी समुद्राला मिळते, तिचं पाणी ऊन पडलं की डोळ्यांवर येतं, त्यामुळे बहुतेकांच्या माना त्याच बाजूला असतात. डावीकडच्या टेकडीवर जुना किल्ला आहे आणि त्यात तुरुंग. तो आजही तुरुंगच आहे. गोवा मुक्तिलढ्यातले, आपल्या सांगलीचे मोहन रानडे याच काशियशच्या किल्ल्यात कैदेत होते. पहिली दोन वर्षं मी या स्टेशनावरून जायचे आणि मला हे ठाऊकच नव्हतं.

आमचं घर बांद्याचं. पत्रादेवी तिथून हाकेच्या अंतरावर, पलीकडे गोवा. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, तेव्हा माझे आजोबा पंचविशीत होते आणि त्या गर्दीत होते. ते पोर्तुगीजांना शेवटपर्यंत ‘पाखले’च म्हणत. घरात कोणी फार हट्टाला पेटलं की म्हणायचे, ‘सालाझार झालायस काय?’ सालाझार म्हणजे तेव्हाचा पोर्तुगालचा हुकूमशहा. त्यामुळे लहानपणी मला तो छातीवर पदकं लावलेला, मुठी आपटून ओरडणारा कोणीतरी वाटायचा.

इथे आल्यावर आल्जूबला गेले. कॅथेड्रलच्या शेजारी हा जुना तुरुंग आहे, आता तिथे हुकूमशाहीविरुद्धच्या प्रतिकाराचं संग्रहालय आहे. फोटोतला सालाझार बघून मी थबकले. काळा कोट, पातळ ओठ, खांदे किंचित वाकलेले. गणवेश नाही, पदक नाही. आमच्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवणारे सर असेच दिसायचे. आणि तो होताही प्राध्यापकच, कोइंब्रा विद्यापीठात वित्त शिकवणारा. मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, महिनाअखेरीला ताळेबंद जुळवते. हा माणूस बंदूक न उचलता सत्तेवर कसा आला, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. गेलं वर्षभर जमेल तसं वाचते आहे, सुटीच्या दिवशी त्या त्या जागी जाऊन उभी राहते आहे.

आंतोनियु द ओलिव्हैरा सालाझार 1889 चा, सांता कोंबा दांवजवळच्या विमियैरू या खेड्यातला. वडील एका जमीनदाराच्या शेतीवर देखरेख करायचे. मुलगा पाद्री व्हावा म्हणून व्हिझेउच्या सेमिनरीत गेला, तिथे आठ वर्षं काढली, पण दीक्षा घेतली नाही. 1910 मध्ये कायदा शिकायला कोइंब्राला आला. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं.

त्या प्रजासत्ताकाची कहाणी वाचताना जीव तुटतो. सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं. काही मंत्रिमंडळं तर आठवडाभरही टिकली नाहीत. त्यातच पहिलं महायुद्ध. ब्रिटनच्या सांगण्यावरून 1916 च्या फेब्रुवारीत पोर्तुगालने तेजू नदीत अडकून पडलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, आणि मार्चमध्ये जर्मनीने युद्ध पुकारलं. शेतावरची पोरं फ्रान्स-बेल्जियम सीमेवरच्या फ्लँडर्सच्या चिखलात जाऊन पडली. 9 एप्रिल 1918 ला लीस नदीकाठच्या लढाईत एका दिवसात मेलेले, जखमी आणि पकडलेले मिळून हजारो सैनिक गेले. त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष सिदोनियु पाइश यांना रोसियू स्टेशनात गोळ्या घातल्या गेल्या. मी त्या स्टेशनातून अनेकदा जाते; कमानींचा तो दर्शनी भाग बघायला पर्यटकांची झुंबड असते. 1921 मध्ये तर एका रात्रीत पंतप्रधान आंतोनियु ग्रांझू यांच्यासह अनेकांना ठार मारलं गेलं.

आणि पैसा! एस्कुदो हे तेव्हाचं इथलं चलन. युद्धाआधी एक पौंड जेमतेम पाच एस्कुदोंना मिळायचा. 1924 मध्ये त्याच पौंडाला शंभराहून जास्त मोजावे लागत. ज्याचा पगार ठरलेला, त्याचं घर बसलं. (पगार हा आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. इथे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. पहिल्यांदा दुकानात ऐकला तेव्हा मला घरची आठवण आली होती.) त्यावर कडी म्हणजे 1925 चं नोटांचं प्रकरण. आल्व्हिश रैश नावाच्या माणसाने खोटे करार दाखवून लंडनच्या छापखान्याकडून 500 एस्कुदोंच्या लाखो नोटा छापून घेतल्या. छपाई अस्सल, कागद अस्सल, फक्त परवानगी खोटी. त्या नोटांवर चित्र होतं वास्को द गामाचं. त्या पैशातून त्याने बँक काढली. डिसेंबरात भांडं फुटलं, तेव्हा हातातली नोट खरी की खोटी हे कोणालाच सांगता येईना. सरकारवरचा विश्वास संपतो तो अशा वेळी, खिशात हात घातल्यावर.

सहाच महिन्यांनी, 28 मे 1926 ला, जनरल गोमिश द कोश्ता ब्रागाहून सैन्य घेऊन निघाले. त्यांना अडवायला फारसं कोणी पुढे आलं नाही. युरोपभर तेच वारं होतं. इटलीत मुसोलिनी 1922 मध्ये आलेला, शेजारच्या स्पेनमध्ये प्रिमो द रिव्हेरा 1923 मध्ये, आणि त्याच मे महिन्यात पोलंडमध्ये पिल्सुद्स्कीने सत्ता घेतली होती. कंटाळलेल्या माणसांना गणवेश बरा वाटू लागला होता.

सैनिकांनी सत्ता घेतली खरी, पण राज्य चालवायचा हिशेब त्यांना येईना. कोइंब्राच्या या प्राध्यापकाला त्यांनी जूनमध्ये अर्थमंत्री केलं. हवे ते अधिकार मिळत नाहीत म्हटल्यावर तो काही दिवसांतच राजीनामा देऊन परत गेला आणि तिजोरीची तूट वाढत गेली. शेवटी सरकारने राष्ट्रसंघाकडे 1 कोटी 20 लाख पौंडांचं कर्ज मागितलं. राष्ट्रसंघाची अट होती की देशाच्या वित्तावर बाहेरून देखरेख राहील. ती अपमानाची वाटून 1928 मध्ये कर्ज नाकारलं गेलं. आता पैसेही नाहीत आणि उपायही नाही. पुन्हा कोइंब्राला निरोप गेला.

27 एप्रिल 1928 ला, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने शपथ घेतली. या वेळी अटी आधीच मान्य करून घेतल्या होत्या. प्रत्येक मंत्रालय अर्थखात्याने ठरवून दिलेल्या रकमेतच काम करील. जमेवर किंवा खर्चावर परिणाम करणारा कोणताही निर्णय आधी अर्थखात्याशी बोलून होईल. वाढीव खर्च रोखण्याचा अधिकार अर्थमंत्र्याचा राहील. खर्च कमी करायचा तो सगळीकडे एकाच मापाने.

या अटी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा कामाची वही बाजूला ठेवून पुन्हा वाचल्या. माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्यांत वावगं काहीच दिसत नाही. कुठलाही शिस्तीचा खजिनदार हेच मागेल. पण नीट पाहा: युद्धमंत्र्याला बूट हवे असोत, शिक्षणमंत्र्याला शाळा हवी असो, कागद आता एकाच टेबलावर जाणार. सैन्याने स्वतःच्या हाताने त्याला चावी दिली. हा ‘चावी’ शब्दही इथलाच, ‘शाव्ह’. शपथेच्या दिवशी तो म्हणाला होता की मला काय हवं आणि मी कुठे चाललोय हे मला पक्कं ठाऊक आहे. देशाने पाळायचं कसं हेही त्याच भाषणात सांगितलं: अभ्यास करा, सुचवा, हरकत घ्या, चर्चा करा, पण हुकूम द्यायची वेळ येईल तेव्हा आज्ञा पाळा.

एका वर्षात अंदाजपत्रकात शिल्लक दिसली. करवाढ होती, काटकसर होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे टीका छापून येत नव्हती. 1929 मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला आणि मोठमोठे देश हेलपाटले, तेव्हा पोर्तुगालचा जमाखर्च जुळत होता. त्या एका गोष्टीने त्याला लोकांच्या नजरेत कुठे नेऊन ठेवलं असेल! 1932 च्या जुलैत तो पंतप्रधान झाला. 19 मार्च 1933 ला नव्या राज्यघटनेवर मतदान झालं. विरोधी मतं निघाली सुमारे सहा हजार. जे मत द्यायला आलेच नाहीत, त्यांचा होकार धरण्यात आला. ताळेबंदात अशी नोंद कोणी केली तर मी तिला सही करणार नाही. त्याच वर्षी गुप्त पोलीस दल उभं राहिलं, जे पुढे ‘पिद’ म्हणून कुप्रसिद्ध झालं.

गोव्याला याची झळ त्याआधीच लागली होती. 1930 मध्ये तो काही काळ वसाहत खातंही सांभाळत होता, तेव्हा ‘वसाहत कायदा’ आला. समुद्रापारचे प्रदेश बाळगणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगालच्या अस्तित्वाचाच भाग आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्या जुलैत लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलात उभं राहून ठराव मांडला की आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही. 1930 साली, इतक्या स्पष्ट शब्दांत! शाळेत आम्हाला मिठाचा सत्याग्रह शिकवला, आणि तो शिकवायलाच हवा, पण सीमेपलीकडे तासाभराच्या अंतरावर त्याच वर्षी घडलेली ही गोष्ट मला लिस्बनला येऊन कळावी याचं वाईट वाटतं.

आल्जूबच्या कोठड्यांना कैदी ‘कुर्रू’ म्हणत, म्हणजे बैल कोंडण्याची जागा. तिथे उभं राहून हात पसरायला गेले तर कोपरं पुरती सरळ होण्याआधीच बोटं भिंतींना टेकली. मी रानडेंचा विचार करत होते. गोव्यात मराठी शिकवायला गेलेला तरुण. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, 26 वर्षांची शिक्षा झाली आणि 1960 मध्ये त्याला इथे आणलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, तरी त्याला सोडलं नाही. सुधीर फडके त्याच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटले. सुटका झाली ती 1969 च्या जानेवारीत.

त्या जानेवारीत सालाझार अंथरुणाला खिळलेला होता. आदल्या ऑगस्टमध्ये तो एश्तुरीलच्या किल्ल्यात खुर्चीवरून पडला आणि पुढे मेंदूला इजा झाल्याने त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला गेला. त्याला मात्र हे कोणी सांगितलं नाही. 1970 मध्ये मरेपर्यंत आपणच देश चालवतो आहोत, अशी त्याची समजूत राहू दिली गेली. तो किल्लाही माझ्याच लोकलच्या मार्गावर आहे, फक्त उलट दिशेला, काश्काइशच्या बाजूला काही स्टेशनं.

आमच्या शेजारच्या आजी शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मी नवीन असताना त्यांना सालाझारबद्दल विचारलं, तेव्हा त्या पटकन म्हणाल्या होत्या, ‘त्याने हिशेब चोख ठेवला हो.’ मला ते लागलं होतं. आजोबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी विषय बदलला. 2007 मध्ये टीव्हीवरच्या एका मतदानात सर्वांत थोर पोर्तुगीज म्हणून सालाझारचं नाव निघालं होतं, हे वाचल्यावर वाटलं, सगळ्यांचं असंच असणार.

गेल्या एप्रिलात त्यांच्याकडे कॉफी घेत बसले होते. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही संपवणाऱ्या क्रांतीच्या वर्धापनदिनाची लाल कार्नेशन्स टेबलावर होती. मी त्यांना पत्रादेवी सांगितलं, रानडे सांगितले, काशियश सांगितलं. त्या बराच वेळ कपाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हिशेबाचं ते वाक्य माझ्या आईचं. तिचे वडील पोस्टात होते. 25 साली पगारात आठवडा निघत नव्हता, 29 साली महिना निघायला लागला. ती ते मरेपर्यंत विसरली नाही.’

‘आणि तुम्ही?’

‘1974 मध्ये 26 एप्रिलच्या रात्री मी काशियशच्या फाटकाबाहेर उभी होते. माझा दीर आत होता. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडली. मी त्याला ओळखलंच नाही, तो मला ओळखून जवळ आला.’

आता सकाळी गाडीत मी डाव्या बाजूच्या खिडकीशी बसते.