गवती चहा आणि लॅपटॉप
साडेनऊची मीटिंग सुरू, बाहेर पावसाची रिपरिप, आणि माझ्या कोपराने चहाचा कप थेट कीबोर्डवर. चांगला दूध-साखरेचा, गवती चहा घातलेला! आधी किंचाळले. मग चार्जर खेचला, पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला आणि उघडाच, तंबूसारखा टॉवेलवर पालथा घातला. आई तांदळाचा डबा घेऊन हजर. "अगं आई, तांदळाने आतला चहा निघत नाही, उलट कणी अडकेल," म्हटलं तर रुसलीच.

सिडकोतून रिक्षाने एम. जी. रोड. दुरुस्तीवाल्या दादांचा पहिला प्रश्न, "चालू करून बघितला का?" नाही म्हटल्यावर चक्क हसले. म्हणाले, साधं पाणी परवडलं. दूध-साखर बोर्डावर चिकटून बसते, वाळली तरी पुढे गंज धरतो. खोलून आधी बॅटरी सुटी केली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने घासत बसले. दुकानभर गवती चहाचा वास, खरंच!

बोर्ड वाचलाय. कीबोर्ड मात्र नवा टाकावा लागणार, स्पेस आणि एंटर गेलेत. ही पोस्ट फोनवरूनच. आणि तो तांदूळ? रात्री खिचडीत गेला.