रिकाम्या खुर्चीसमोरचा बिजवर

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या शेतकऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ईडन फिलपॉट्स यांच्या ‘द फार्मर्स वाइफ’ या विनोदी नाटकाचे कथानक सांगायला मला तिच्याहून नेमके शब्द सापडत नाहीत. सॅम्युएल स्वीटलँड हा खाऊनपिऊन सुखी असलेला विधुर दुसरे लग्न करायचे ठरवतो, घर सांभाळणाऱ्या अरामिंटालाच समोर बसवून गावातल्या संभाव्य वधूंची यादी करतो आणि मग एकेकीच्या दारी जाऊन नकार पदरात घेऊन परततो.

हे नाटक 1916 साली बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये प्रथम रंगमंचावर आले. 1924 पासून लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये त्याचे 1,300 हून अधिक प्रयोग झाले. त्याची गंमत मुख्यतः बोलण्यात आहे. डेव्हनमधल्या डार्टमूर परिसरातल्या माणसांची ठसकेबाज भाषा, आणि त्यातही लग्न या प्रकाराबद्दल सदैव कुरकुरणारा चर्डल्स ॲश हा म्हातारा गडी, हे नाटकाचे खरे भांडवल. लंडनच्या प्रयोगांत ॲशच्या भूमिकेने सेड्रिक हार्डविक यांना मोठे नाव मिळवून दिले.

असे बोलके नाटक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1928 साली मूकपटासाठी निवडले, याचे मला फार दिवस नवल वाटत असे. चित्रपट पाहिल्यावर ते ओसरले. मरणशय्येवरची पत्नी अरामिंटाला शेवटचे काय सांगते, तर धन्याचे आतले कपडे नीट वाळवत जा! संसार म्हणजे काय, ते या एका सूचनेत आले. पुढे शेकोटीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी राहते. स्वीटलँड यादीतले नाव ऐकतो, त्या खुर्चीकडे पाहतो, आणि ती ती स्त्री तिथे बसलेली त्याला (आणि आपल्याला) दिसू लागते. नाटकात जे संवादांतून उलगडायचे, ते इथे एका लाकडी खुर्चीवर भागते. थर्झा टॅपर या प्रौढ कुमारिकेला तो मागणी घालतो तेव्हा तिच्या हातातली जेली तिच्याबरोबर थरथरू लागते. तिथे मूकपटात मधूनमधून दिसणाऱ्या पाटीवरच्या शब्दांची गरजच उरत नाही.

सगळेच साधले आहे असे मात्र नाही. थर्झाच्या घरची चहापानाची मेजवानी फार लांबते, आणि ॲशची सारखी घसरणारी विजार पहिल्यांदा जेवढी हसवते तेवढी पाचव्यांदा हसवत नाही, जरी गॉर्डन हार्कर यांनी ती भूमिका मोठ्या मजेने केली असली तरी.

1941 साली नॉर्मन ली आणि लेस्ली आर्लिस यांनी याच नाटकावर बोलपट काढला. त्यात बॅसिल सिडनी स्वीटलँड झाले आणि विल्फ्रिड लॉसन ॲश. संवाद परत आले, तरी पुन्हा पाहायचा झाला तर मी मूकपटच लावीन, आणि तोही त्याच क्षणासाठी: सगळे नकार पचवून घरी आलेला स्वीटलँड सवयीने खुर्चीकडे पाहतो, कल्पनेतल्या बायका एकामागून एक येऊन जातात, आणि मग तिथे अरामिंटा खरोखरच येऊन बसते.